पुण्यात म्हणजे नक्की कुठं?

अहो, ऐकलंत का? थांबा, मोटार बंद करून येते, टाकी भरून वाहायला लागेल... हं. आता या जरा भिंतीजवळ. सांगते, पण माझं नाव घेऊ नका हं कुठं. गिरणीवाल्या काकूंच्या पुतणीचं ठरता ठरता अडलंय. मोडलं नाही अजून, अडलंय. आणि कशावरून म्हणाल? देण्याघेण्यावरून नाही, पत्रिकेवरून नाही, मुलाच्या टकलावरूनसुद्धा नाही. पुणं किती लांब, यावरून!

मी होते ना तिथं. मला मुद्दाम बोलावलं होतं. माझं माहेर दौंडचं, सासर शिरूरचं, म्हणजे दोन्हीकडची मी. पाहुणे दौंडहून यायचे होते, साडेदहाचा कार्यक्रम. आले साडेबाराला. काकूंनी पोहे दोनदा गरम केले, तिसऱ्यांदा केले तेव्हा खालून लागले. आता वाटेत ऊस आहे हो! कारखाने सुरू झाले की त्या रस्त्याला काय कळा येते ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि पुढं स्पीकर असा की चार शेतांपलीकडं ऐकू जावा. त्याच्या मागं लागलात की संपलंच. ओव्हरटेक करायचा तर समोरून दुसरा येतो. पाहुण्यांची गाडी अशाच एका ट्रॅक्टरमागं अडकली होती म्हणे. मुलाची आई उतरली ती कपाळावर आठी घेऊनच. पहिलं वाक्य काय तर, ‘किती आत आहे हो तुमचं गाव!’

आत! शिरूरला, आपल्या घोडनदीला, आत म्हणाली! अहो, पुणे-नगर हायवेवरचं गाव आपलं. काकूंचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. हातातला ट्रे तसाच, हसू तसंच, फक्त डोळ्यांत काहीतरी मिटल्यासारखं झालं. पण बाई मोठ्या धीराची. म्हणाल्या, ‘आत कसलं वहिनी, १९४८ साली राज्यातली पहिली एसटी धावली ना, नगर ते पुणे, ती आमच्या दारावरून गेली.’ खरंच आहे ते. १ जूनला गेली होती. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, गाडी येणार म्हणून बाया ओवाळायला उभ्या होत्या. आणि २०२२ ला ती विजेवरची ई-शिवाई सुरू केली, तीसुद्धा १ जूनला आणि याच रस्त्यावर. म्हणजे मान आहे हो आपल्या रस्त्याला. मान आहे, फक्त पुढं सरकायला जागा नाही.

तर काय सांगत होते... हां. एसटीचं नाव निघाल्यावर मुलाचे मामा सरसावून बसले. रेल्वेतून रिटायर झालेले. तुम्हाला माहितीय ना दौंडचे रिटायर रेल्वेवाले कसे असतात? माझ्या माहेरी गल्लीत दर तिसऱ्या घरात एक होता. समोर कुणी ‘गाडी’ म्हटलं की सुरूच. मामा म्हणाले, ‘दौंड जंक्शन आहे, जंक्शन! इंग्रज धोंड लिहायचे. मनमाडची लाईन १८७८ ची. बारामतीला जायचं तर आमच्याकडूनच. सोलापूरला जायचं तर आमच्याकडूनच. सव्वा तासात पुणे. तुमच्याकडं आहे का रेल्वे?’

खोलीत शांतता. आता शिरूरला रेल्वे नाही हे काय गुपित आहे? पण असं पाहुण्यांनी पोहे खाता खाता म्हणायचं असतं का? मुलीचे वडील पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागले. मला तर कुणाची बाजू घ्यावी कळेना. मनातून बरं वाटत होतं, माहेरचं कौतुक ना शेवटी! पण तोंडावर दाखवायची सोय नाही. मी आपली चहात साखर ढवळत बसले. विरघळून गेलेली साखर.

सव्वा तास म्हणे! आमचा धाकटा भाऊ पास काढून रोज जातो दौंडहून. त्याला विचारा सव्वा तास म्हणजे काय ते. गाडी फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमालावर कुणी बसलं की भांडण. पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर... प्रत्येक ठिकाणी माणसं चढतातच, उतरत कुणी नाही. लांबच्या गाडीला वाट द्यायची म्हणून मध्येच उभी राहिली की मग वेळाचं विचारूच नका. लोकांनी किती वर्षं लोकल मागितली! तारा ओढल्या, वीज आली, आणि २०१७ ला जी गाडी आली ती डेमू. म्हणजे डिझेलची. वर विजेच्या तारा, खाली धूर. भाऊ म्हणायचा, ताई, जावयाला पाटावर बसवलं आणि ताट शेजाऱ्याला वाढलं.

आणि ती कॉर्ड लाईन! पूर्वी मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. तेवढ्यात सगळं गाव फलाटावर फिरून यायचं, चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. आता वेळ वाचावा म्हणून बाजूनं लाईन काढली, गाडी तिकडूनच जाते. गाडीचा वेळ वाचला हो, पण दौंडच्या माणसाचा? रात्री कॉर्डला उतरा आणि बॅग घेऊन रिक्षा शोधा. रिक्षावाला तोंड बघूनच भाडं सांगतो. हे मामांनी सांगितलं का? नाही सांगितलं.

पण ते असो. तर मामांचं जंक्शन संपेना, तेव्हा काकूंनी विषय बदलला. ‘मुलगा पुण्यातच असतो ना?’

मुलाची आई एकदम फुलली. ‘हो तर! पुण्यात टू बीएचके घेतलाय. लिफ्ट आहे, जिम आहे, क्लब हाउस आहे.’

इथं ती मुलगी बोलली. तोपर्यंत खाली मान घालून बसली होती, पदर सावरत. तुम्ही बघितलीय ना तिला? दिसते गरीब. पण ती रोज सकाळच्या बसनं खराडीला नोकरीला जाते हे त्यांना कुठं ठाऊक! तिनं अगदी हळू विचारलं, ‘पुण्यात कुठं?’

मुलगा म्हणाला, ‘नगर रोडला.’

‘नगर रोडला कुठं?’

‘खराडीच्या... जरा पुढं.’

‘जरा पुढं म्हणजे?’

आता मुलगा आईकडं बघतोय, आई मामांकडं, मामा पंख्याकडं. शेवटी बोलला, ‘वाघोली. केसनंद फाट्याच्या आत.’

अहो, पोरीला हसू आवरेना! तोंडावर पदर धरला तिनं. म्हणाली, ‘मी रोज तिथं बसमध्ये झोप काढते. एकेक दुकानाची पाटी पाठ आहे मला. तुमची ती जिमवाली बिल्डिंग म्हणजे निळ्या रंगाची ना, जिच्या गेटवर सकाळी टँकरची रांग असते?’

टँकर हा शब्द आला आणि मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. अशी ठेवली की चमचा वाजला. त्या एका चमच्याच्या आवाजात मला कळलं, आता हे काही आज ठरत नाही.

मामा म्हणाले, ‘२०२१ पासून वाघोली महापालिकेत आहे. कायद्यानं पुणंच ते.’ बरोबर आहे, तेवीस गावं घेतली तेव्हा आली ती आत. पण मुलीचे वडील इतका वेळ गप्प होते ना, त्यांनी मान वर केली. शांत माणूस, पण मतदान केंद्रावर वर्षानुवर्षं ड्यूटी केलेला. म्हणाले, ‘महापालिकेचं राहू द्या. विधानसभेला वाघोली आमच्या शिरूरमध्ये येते. आणि लोकसभेचं बघाल तर हडपसर शिरूरमध्ये, भोसरी शिरूरमध्ये. म्हणजे पुणंच आमच्यात आहे. तुमचं दौंड कुठं? बारामतीत.’

काय सांगू तुम्हाला! मामा पेटले. ‘२०२४ ला दौंड सोलापूर विभागातून निघून पुणे विभागात आलं! रेल्वेच्या हिशोबानं आम्ही पुण्यातच!’ एक रेल्वेच्या हिशोबानं पुण्यात, एक मतदानाच्या हिशोबानं, एक महापालिकेच्या. आणि खऱ्या पुण्यातलं त्या खोलीत कुणीसुद्धा नव्हतं. असतं तर सदाशिव पेठेच्या बाहेर पुणं आहे हेच त्यानं कबूल केलं नसतं, ते वेगळं.

मुलगा बिचारा चांगला आहे हो. मला आवडला. तो म्हणाला, ‘मेट्रो येणार आहे. रामवाडीपर्यंत आलीय, पुढं वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंत केंद्रानं मंजूर केलीय.’ झालीय मंजूर, २०२५ च्या जूनमध्ये. आणि वरून शिरूरपर्यंत उन्नत रस्ता व्हायचाय, पन्नासहून जास्त किलोमीटरचा. म्हणजे वर मेट्रो, तिच्या खालीवर गाड्या, आणि सगळ्यांत खाली आपण. तोवर काय? काम सुरू झालं की आहे तो रस्तासुद्धा निम्मा पत्र्यांच्या आड जाणार. काकू तर म्हणाल्याच, ‘मेट्रो येईपर्यंत हिची मुलं शाळेत जातील.’ मुलगी लाजली. मुलगाही लाजला. मला वाटलं चला, गाडी रुळावर आली. पण मुलाच्या आईला ते लागलं. ‘आमच्या घरात अजून काही ठरलेलं नाही,’ म्हणाली आणि पर्स उचलली.

खड्ड्यांचं तर निघालंच नाही म्हणून बरं. टाकळी हाजीच्या पलीकडं, निघोजला, कुकडीच्या पात्रात ते रांजणखळगे आहेत ना, लांबून लांबून लोक बघायला येतात. अहो, एवढं लांब कशाला? पाऊस उघडला की आपल्या बायपासच्या कडेला उभं राहायचं. पाण्यानं खडक कोरायला हजारो वर्षं घेतली तिथं, इथं कंत्राटदारानं एका पावसात करून दाखवलं!

हसताय काय? कंबर माझी गेलीय. 

बरं, बसचं निघालंच आहे तर ते दुसरं सांगते. समोरच्या वाड्यातल्या मावशी. त्यांचं वय किती? सांगा बघू. पासष्ट, हो ना? गेली कित्येक वर्षं पासष्टच आहे. हळदीकुंकवाला कुणी वय काढलं की मावशी दाराकडं बघायच्या. तर परवा चतुर्थीला आम्ही बायका रांजणगावला निघालो. बस खच्चून भरलेली. ते अर्धं तिकीट झाल्यापासून, २०२३ च्या मार्चपासून, बायका घरात ठरतात कुठं! आणि का ठराव्यात? पूर्वी माहेरी जायचं म्हणजे नवऱ्याला तीनदा विचारायचं, आता भाजी आणायला निघावं तसं निघतो आपण. भाडं वाढलं २०२५ ला, तरी निम्मं ते निम्मंच. पुरुषांच्या पोटात दुखतं. मागच्या सीटवरचे एक गृहस्थ म्हणालेच, ‘आता आम्हीच उभं राहायचं का?’ मी म्हटलं, ‘इतकी वर्षं आम्ही उभ्या होतोच की, तेव्हा नाही कुणी विचारलं.’ गप्प बसले.

तर काय सांगत होते, मावशी. कंडक्टर आला. आम्ही सगळ्यांनी अर्ध्या तिकिटाचे पैसे काढले. मावशींनी काय काढलं? आधार कार्ड! पंचाहत्तरच्या पुढं फुकट ना, २०२२ पासून! कंडक्टरही पोरगाच, त्याला काय कळणार बायकांचं. त्यानं मोठ्यानं वाचलं, ‘जन्म एकोणीसशे सेहेचाळीस. बसा आजी, तुम्हाला पैसे नाहीत.’ आजी! सगळी बस ऐकतेय. मावशींच्या सूनबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांचा चेहरा... अहो, हिशोब करत होत्या त्या. बोटं मोजताना मी डोळ्यांनी बघितली. म्हणजे सासरे गेले तेव्हा सासूबाई... म्हणजे लग्नाच्या वेळी सासूबाई... त्यांना एकदम कळलं की ज्या ‘आमची वयं काय फार लांब नाहीत’ असं ऐकवत आल्या, त्यांच्यात आणि आपल्यात किती अंतर आहे. मावशी मात्र खिडकीतून बाहेर बघत, शून्य रुपयांचं तिकीट पदराच्या गाठीला बांधत होत्या. मान तशीच ताठ. तिकिटासाठी वय सोडलं बाईनं! मी असते तर पैसे भरले असते बाई. नाही, बहुतेक नसते भरले.

आणि आता शेवटचं, पण हे खरंच कुणाला बोलू नका. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले साहेब. हो, तेच, ज्यांची गाडी दर रविवारी पोरगा धुतो ते. १ जानेवारीला सकाळी पुण्याला म्हणून निघाले, ऑफिसचं काम होतं. दुपारी त्यांच्या मिसेसनी फोन केला. मागून गाण्याचा आवाज. ‘कुठं आहात?’ तर म्हणे, ‘चौफुल्याला.’

शिरूरहून पुण्याला निघालेला माणूस चौफुल्याला काय करतो हो? तुम्हाला माहितीय चौफुल्याला काय आहे ते. सगळ्या जिल्ह्याला माहितीय. त्या कला केंद्रातल्या बायांना मी नावं ठेवत नाही हं, त्या मेहनतीनं नाचतात, गातात, घरं चालवतात. नावं ठेवायची ती घरी ‘गाडी पंक्चर झाली’ सांगणाऱ्यांना. तर मिसेस माझ्याकडं आल्या, डोळ्यांत पाणी, हातात मोबाईल तसाच. मीच समजूत काढली. म्हटलं, अहो वहिनी, आज एक तारीख. पेरणे फाट्याला जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो माणसं येतात, त्यांच्यासाठी हायवे मोकळा ठेवतात, आणि ठेवायलाच हवा, वर्षातला त्यांचा दिवस आहे. म्हणून शिरूरकडनं पुण्याला जाणाऱ्या गाड्या न्हावरा फाट्यावरून वळवतात. न्हावरे, पारगाव, मग चौफुला, यवत आणि हडपसर. साहेब वाटेतच आहेत. गाणं काय, रसवंतीवर लागलं असेल.

पटलं त्यांना. डोळे पुसले, चहा घेतला, हसल्यासुद्धा. जाताना म्हणाल्या, ‘तुमच्यामुळं संसार वाचला.’ मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण चार तारखेला आमच्या ह्यांचे मित्र पाटसच्या कारखान्याकडून येत होते. रात्री नऊला त्यांनी साहेबांची गाडी बघितली. कुठं? चौफुल्याला! आता चार तारखेला कुठला रस्ता बंद होता हो? ह्यांनी मला सांगितलं आणि लगेच म्हणाले, तू मध्ये पडू नकोस. मी कशाला पडते? मी अजून त्यांच्या मिसेसना एक शब्द बोलले नाही. फक्त काल भेटल्या तेव्हा एवढंच म्हटलं, वहिनी, वाहतूक वळवल्याची बातमी पेपरात येते बरं का, तारखेसकट.

त्या थांबल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ‘तारखेसकट?’ म्हणाल्या. मग काही न बोलता घरी गेल्या, आणि संध्याकाळी त्यांच्याकडं रद्दीवाला आला होता, त्याला परत पाठवलं.

दूध उतू जातंय वाटतं माझं... चला. आणि हो, बरं आठवलं, तुमच्या मोठीला बघायला रविवारी येतायत ना ते पाहुणे? मुलाचा पुण्यात फ्लॅट आहे म्हणाले तर नुसतं ‘वा’ म्हणून सोडू नका. कुठल्या फाट्याला वळायचं आणि पाणी कशानं येतं, एवढं पोहे पुढं करायच्या आधी विचारून घ्या.